डावीकडून घ्या

नाशिकमधले निम्मे खड्डे पगारे काकांना ओळखतात. काका खड्ड्यांना ओळखतात असं म्हणणं जास्त बरोबर होईल, पण तुम्ही एकदा त्यांना खड्ड्यापाशी उभं राहिलेलं बघा. सायकल स्टँडवर लावतील, गुडघ्यांवर हात टेकून आत वाकतील आणि म्हणतील, "काय राव, आलात का परत?" खड्डा उत्तर देत नाही एवढंच.

प्रत्येकाला नाव आहे. अंबडच्या अलीकडचा तो वकीलसाहेब. वरून साधा दिसतो, पण एकदा माणूस आत गेला की लवकर सुटत नाही. कॉलेज रोडला लिंबाच्या सावलीत एक पेन्शनर आहे, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला. द्वारकेजवळचे जावईबापू दर दिवाळीला बुजवून वाटेला लावले तरी संक्रांतीच्या आत हजर असतात. पाथर्डी फाट्याला जुळी आहेत, एकाला चुकवायला जावं तर दुसऱ्यात पडायला होतं. ही नावं काका गमतीनं घेत नाहीत. चेहरा अगदी गंभीर, शाळेत हजेरी घेतात तसा.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. नाकावर राग असलेली बाई अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. साखर वाढली म्हणून सायकल धरली, सायकल धरली म्हणून ग्रुपमध्ये गेले आणि ग्रुपमध्ये लिहायला-वाचायला कुणालाच वेळ नसतो म्हणून यादी, फोन आणि केळी माझ्या गळ्यात पडली. काकांशी माझी ओळख त्या केळ्यांमुळेच झाली. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ली, एकट्या या माणसानं नाही म्हटलं. का, तर हात फक्कीचे आहेत. मग धुवा की, मी म्हटलं. "परत भरतीलच ना ताई," ते म्हणाले आणि निघून गेले.

आता फक्की म्हणजे काय आणि ती कशाला, ते सांगते.

दर डिसेंबरात एका रविवारी आमचा ग्रुप अख्ख्या शहराला वळसा घालतो. साठ-बासष्ट माणसं, सत्तर किलोमीटर. पहाटे गंगापूर रोडवरून निघायचं आणि पंचवटी, आडगाव नाका, द्वारका, नाशिक रोड, पाथर्डी फाटा, अंबड, सातपूर करत दुपारी परत. मागून सोपानदादांचा टेम्पो येतो. त्यात पाणी, केळी, पंक्चरचं सामान, मलमपट्टी आणि ज्यांचा दम संपला त्यांच्यासाठी दोन बाकडी. लोक विचारतात, धरणावर जा, डोंगरात जा, हा गाड्यांचा धूर खात कशाला फिरता? आमचे डॉक्टर म्हणतात, "आपलं शहर आपल्याला माहीत पाहिजे." डॉक्टर म्हणजे ग्रुपचे प्रमुख. ते हाडांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे माणसांना या रस्त्यांवर उतरवण्यात त्यांचा काही स्वार्थ आहे का, अशी शंका मी पहिल्याच वर्षी बोलून दाखवली होती. ते हसले नाहीत.

त्याच वर्षी काका आले. काळी, जुनी, दांडीची सायकल, मागच्या कॅरिअरला गोणी. सोपानदादांच्या गल्लीत राहतात, त्यांनीच आणलं. आयुष्यभर एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर मुकादम होते, आता घरीच असतात, एवढीच माहिती मिळाली. काका म्हणाले, "मी पुढं जाऊन खुणा करत जातो. तुम्ही खुशाल मागनं या." गोणीत खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती चुन्याची पांढरी फक्की. हत्यार म्हणजे वनस्पती तुपाचा जुना डबा, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं. डबा उलटा न करता नुसता काठीनं टकटक वाजवायचा आणि गोल फिरायचं. खड्ड्याभोवती असं रिंगण उमटतं की कंपासनं काढल्यासारखं. वळणावर बाण. गतिरोधक असला तर तीन आडव्या रेघा.

रस्ताही तेच ठरवायचे. सातपूरला ते आम्हाला दोन किलोमीटरचा एक उगाचचा वळसा घालायला लावत. आम्ही तोपर्यंत इतके थकलेले असायचो की का म्हणून विचारायचं त्राण कुणात नसायचं.

आणि हे काम काका दोनदा करायचे. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे सत्तर किलोमीटर, आणि मग त्या दिवशी पहाटे आमच्यापुढं निघून परत तेच. एकदा मारलंय ना, मग दुसऱ्यांदा कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "रातीतून रस्ता बदलतो साहेब. कुत्रं लोळतं, कुणी झाडून काढतं, टँकर सांडतो. फक्कीचा काय भरवसा?" डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हा मनुष्य थोडा ऑब्सेसिव्ह आहे. मी म्हटलं, तुम्ही सायकलची चेन टूथब्रशनं घासता ते काय असतं?

पण काकांची खरी खोड शेवटी कळायची. आम्ही घामेजून, सुजलेल्या ढुंगणानं परत गंगापूर रोडला पोचलो की काका फाटकाशी उभे. एकेकाला अडवून विचारायचे, "दिसलं का?"

"हो काका, दिसलं."

"कोणतं?"

ही तोंडी परीक्षा होती. नुसतं दिसलं म्हणून सुटका नाही. कुठल्या चौकातलं, उजवीकडचं की डावीकडचं, रिंगण पुसट होतं का, हे सगळं सांगायचं. डॉक्टर सलग दोन वर्षं नापास झाले, कारण त्यांची नजर सायकलवरच्या त्या मीटरवर. तिसऱ्या वर्षी ते तोंडपाठ करून आले. "पेन्शनर, कॉलेज रोड, डाव्या हाताला," असं त्यांनी धापा टाकत सांगितलं तेव्हा मला माझ्या आयुष्यात इतकं हसू कधी आलं नव्हतं. काका मात्र समाधानानं मान हलवून पुढच्याकडं वळले.

हे फक्त सायकलपुरतं असतं तर ठीक. माझ्या भाचीच्या लग्नाला मी काकांना बोलावलं. हॉलच्या दारात एक पायरी होती, नेहमीपेक्षा जरा उंच. काकांनी कुठून तरी रांगोळी मिळवली आणि त्या पायरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पट्टा मारला. वरात आली. मुलाची आई, अंगावर किलोभर दागिने, तोऱ्यात आत शिरल्या आणि काकांनी हात जोडून विचारलं, "दिसलं का?" त्या बाईंना वाटलं मुलीकडचे लोक आपल्याला आंधळं म्हणतायत. ते निस्तरायला मला जेवणाच्या पंगतीत दोनदा आग्रह करावा लागला, आणि आग्रह हा माझा प्रांत नाही.

गेल्या वर्षी तर कहर झाला. पंचवटीतून एक शववाहिनी अमरधामकडं निघाली होती. ड्रायव्हर बाहेरगावचा, नवा. रस्त्यावर पांढरे बाण दिसले, त्याला वाटलं हे आपल्यासाठीच केलेत. बाण बघत-बघत तो थेट आमच्या नाश्त्याच्या मुक्कामी आला. आम्ही साठ माणसं हेल्मेट घालून, हातात पोह्यांच्या बशा घेऊन उभे, आणि समोर शववाहिनी, मागं रडणारी माणसं. एकजण तर बशी घेऊनच दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला. काकांनी डबा खाली ठेवला, टोपी काढली, हात पँटला पुसले आणि शववाहिनीच्या पुढं सायकल काढली. तिला अमरधामापर्यंत नेलं आणि ते दिवसभर परत आलेच नाहीत. नंतर मी विचारलं, एवढा वेळ काय करत होतात? "थांबलो," ते म्हणाले. "त्यांच्यातलं कुणी बोलायच्या मनःस्थितीत नव्हतं. कुणीतरी लाकडं बघाया लागतं." ओळख ना पाळख, त्या माणसांबरोबर ते शेवटपर्यंत थांबले होते.

तर असे हे काका. आणि यंदा त्यांना नको म्हणायचं काम माझ्याकडं आलं.

झालं असं, की शववाहिनीचं प्रकरण डॉक्टरांच्या मनाला लागलं होतं. शिवाय दुकानदारांच्या तक्रारी, ओटे पांढरे झाले, वगैरे. डॉक्टरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, यंदा फक्की बंद. रस्ता मोबाइलवर येईल, फोनमधली बाई कुठं वळायचं ते सांगेल. सातपूरचा तो निरर्थक वळसाही त्यांनी काढून टाकला आणि सरळ पाण्याच्या टाकीच्या उतारावरून रस्ता घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. दोन किलोमीटर वाचत होते.

काकांना सांगायला मी सातपूरला त्यांच्या घरी गेले. कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. दारावर निळी पट्टी, आत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, दोन्हींना ताजी फुलं. आणि पुढच्या खोलीत, जिथं लोक सोफा ठेवतात तिथं, एक लेडीज सायकल उभी. मरून रंगाची, पुढं जाळीची टोपली. पुसून लख्ख केलेली, टायरात हवा भरलेली. मी म्हटलं, ही कुणाची? "घरातली हाय," काका म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. मला वाटलं मुलीबिलीची असेल.

चहा झाल्यावर मी सांगून टाकलं. मला गोड बोलून सांगता येत नाही, त्यामुळे जसं आलं तसं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रस्ता दाखवा." मी फोनवर नकाशा काढला. त्यांना तो नीट उमगत नव्हता. मी चौकांची नावं सांगत गेले तसं त्यांचं बोट माझ्या बोटामागनं सरकत गेलं. सातपूरला आल्यावर ते बोट थांबलं.

"इथनं नका नेऊ ताई."

"का?"

"टाकीचा उतार हाय."

"काका, तिथं आता काँक्रीट झालंय. मी स्वतः बघून आले. एक चीर नाही रस्त्याला."

"हो. झालंय."

"मग?"

"काय नाय."

माझं डोकं फिरलं. काय नाय तर काय नाय, मग अडवता कशाला? मी म्हटलं, "काका, प्रत्येक गोष्टीत तुमचं ऐकायचं असं थोडंच आहे? यंदा आराम करा. टेम्पोत सोपानदादांशेजारी बसा, केळी खा." काकांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. त्या दिवशी ते हात स्वच्छ होते. "बरं," ते म्हणाले. मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले, आणि उंबऱ्याशी मला म्हणाले, "खाली बघून जा, फरशी उचकटलीय." मी रागात होते, मी बघितलं नाही. ठेच लागली.

रविवारी पहाटे थंडी अशी होती की दात वाजत होते. बासष्ट जण जमले. डॉक्टरांनी सूचना दिल्या. सोपानदादांच्या शेजारची जागा रिकामी होती.

"काका कुठायत?" मी विचारलं.

"निघाले घरनं. लय लवकर," सोपानदादा म्हणाले आणि विषय संपवून टायर बघायला खाली वाकले. मला वाटलं रुसले. रुसू देत, मी मनात म्हटलं.

तो दिवस सुरुवातीपासूनच बिघडलेला होता. फोनमधल्या बाईचा आवाज गाड्यांच्या गोंगाटात ऐकू येईना. द्वारकेला अर्धी माणसं एका पुलाखालून गेली आणि अर्धी दुसऱ्याखालून, त्यांना गोळा करण्यात पाऊण तास गेला. कुणी कुणाशी नीट बोलेना. रस्त्यात पांढरं काही नव्हतं, आणि एरवी ज्या रिंगणांना आम्ही हसत होतो त्यांच्याकरता सगळ्यांची नजर खाली जात होती. जावईबापूंत तिघांचे टायर बसले. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी, माझ्या मागं फक्त टेम्पो. यादी माझ्याकडं असते, त्यामुळे माझ्या मागं कुणी राहू द्यायचं नाही हा नियम.

पाथर्डी फाट्याला पाण्यासाठी थांबलो तेव्हा मी सोपानदादांवर घसरले. म्हटलं, तुमच्या काकांना एवढा कसला राग? एक वर्ष नको म्हटलं तर तोंडही दाखवायचं नाही?

सोपानदादा पाण्याचा जार उतरवत होते. तो खाली ठेवून म्हणाले, "ताई, तुम्ही टाकीच्या उतारावरनं नेताय ना?"

"हो. मग?"

"मग ते तिथंच असतील."

आणि त्यांनी सांगितलं. काकांच्या बायकोचं नाव सुमन. सुमनवहिनी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. पहिली पाळी, म्हणून अंधार असतानाच सायकलवरून निघायच्या. नऊ-दहा वर्षांमागची गोष्ट. त्या उताराला तेव्हा डांबर होतं आणि मधोमध कमरेएवढा खड्डा पडला होता. काम काकांच्याच गँगकडं होतं. माल दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून काकांनी संध्याकाळी खड्ड्याभोवती फक्कीचं रिंगण मारलं आणि घरी आले. जेवताना वहिनींना म्हणाले, उद्या उतारावर सांभाळ, पांढरं रिंगण दिसेल, डावीकडनं जा. पहाटे टाकीवरून भरून निघालेल्या कुणाच्या तरी टँकरचा नळ उघडा राहिला होता. फक्की धुऊन गेली. खड्डा पाण्यानं भरला आणि रस्त्याच्या बरोबरीनं दिसायला लागला. वहिनी रिंगण शोधत उतरत होत्या. रिंगण दिसलं नाही, म्हणजे खड्डा अजून पुढं असणार असं समजून त्यांनी ब्रेकवरचा हात काढला.

"दोन दिवस दवाखान्यात होत्या," सोपानदादा म्हणाले. "शुद्ध यायची, जायची. आली की एकच बोलायच्या, रिंगण दिसलं नाही हो. काका समोर बसलेले. रिंगण दिसलं नाही हो. असं, त्यांची समजूत काढल्यासारखं."

माझ्या डोळ्यांपुढं ती मरून सायकल आली आणि मी तिथं बसून चहा पीत काय काय बोलले ते आठवलं. मला माझी लाज वाटली. हे असं उघड लिहायला नको वाटतं, पण वाटली.

निघालो. अंबडच्या अलीकडं पुढं गलका झाला. निकम मॅडम पडल्या होत्या. या विंचूरकडून नुकत्याच नाशिकला बदलून आलेल्या शाळेतल्या बाई, पहिलंच वर्ष त्यांचं, कुणाला फारसं ओळखत नव्हत्या. आमच्यापैकी जुन्यांना वकीलसाहेब माहीत होते, आम्ही सवयीनं वळलो. त्यांना कोण सांगणार? पुढचं चाक आत गेलं आणि त्या हातावर आपटल्या. डॉक्टरांनी केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मनगटाला बांधला. चेहरा पाडून म्हणाले, मोडलंय बहुतेक, टेम्पोतून माझ्या दवाखान्यात न्या, वाटेवरच आहे, मी पुढं जाऊन तयारी करतो. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. आम्ही दोघांनी मिळूनच हे केलं होतं.

सातपूरला वळलो. उताराच्या तोंडाशी येईपर्यंत पुढची माणसं खाली निघाली होती, आणि मला वरून सगळं दिसलं.

पांढरा, गुळगुळीत, नवा काँक्रीटचा रस्ता. एक चीर नाही त्याला. आणि त्याच्या मधोमध काका उभे. डबा नाही, काठी नाही, फक्की नाही. दोन्ही हात पसरून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "डावीकडनं. डावीकडनं घ्या." सर्वांत पुढं डॉक्टर गेले होते. ते एवढंच म्हणाले म्हणे, काका, रस्ता मोकळा आहे. काका म्हणाले, "साहेब, डावीकडनं." डॉक्टर वळले. ते वळले म्हणून मागचे वळले. कुणीतरी हसत विचारलं, "काका, खड्डा कुठाय?" काकांनी त्याच्याकडं बघितलंही नाही, त्यांचं लक्ष मागून येणाऱ्याकडं होतं. एकामागून एक सगळे काकांपाशी येऊन वाकडे होत होते आणि खाली जाऊन पुन्हा सरळ होत होते.

मी त्यांच्या दहा-बारा हात अलीकडं उतरले. थंडीनं त्यांचे ओठ फुटले होते. ते पहाटेपासून तिथंच होते. रस्त्याच्या कडेला भिंतीला ती मरून सायकल टेकून ठेवलेली.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"दिसलं काका."

कोणतं, ते त्यांनी विचारलं नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही.

"चला आता," मी म्हटलं. "मी शेवटची. माझ्या मागं कुणी नाही."

"किती निघाले होते?"

"बासष्ट."

"तुम्हाला धरून एकसष्ट झाले." काका जागचे हलले नाहीत. "एक मागं हाय."

"एकजण टेम्पोत आहेत काका. हाताला लागलंय जरा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग सोपानदादांनी टेम्पो माझ्या मागं आणून उभा केला, तेव्हा काका रस्त्याच्या मधून निघाले आणि टेम्पोपाशी आले. निकम मॅडम मागच्या बाकड्यावर बसल्या होत्या, तो पुठ्ठ्याचा हात मांडीवर घेऊन. काकांनी आधी हात बघितला, मग त्यांच्याकडं बघितलं.

"कुठं पडलात?"

"ते अंबडच्या अलीकडं," मॅडम म्हणाल्या. "खड्डा होता."

"रिंगण नव्हतं?"

निकम मॅडमना कसलं रिंगण ते माहीत नव्हतं. हा माणूस कोण तेही माहीत नव्हतं. पण म्हातारा माणूस काळजीनं विचारतोय म्हणून, दुखत असतानाही, त्या जरा हसल्या.

"नाही हो काका," त्या म्हणाल्या. "काहीच दिसलं नाही."

सोपानदादांनी मान वळवली. मी हँडल घट्ट धरून उभी होते.

काका टेम्पोत चढले आणि मॅडमच्या शेजारी बसले. तो बांधलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत खालून धरला, गचका बसू नये म्हणून. ज्या टेम्पोत बसा म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, त्यातच ते शेवटी बसले.

"सोपान, हळू घे," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "ताई, तेवढी सायकल राहिली."

मी माझी सायकल टेम्पोवर टाकली. टेम्पो निघाला आणि त्या मोकळ्या रस्त्यावर सोपानदादांनी तो डावीकडून काढला. मग मी भिंतीला टेकलेली ती सायकल घेतली. सीट माझ्यासाठी जरा खाली होतं. ब्रेक चांगले होते. टोपलीत एक जेवणाचा डबा होता, न उघडलेला.

उताराला लागले. काका जिथं उभे होते तिथं आता काहीच नव्हतं. मी हँडल डावीकडं वळवलं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला मी अशी मधूनच का वळले ते कळेना. त्यानं हॉर्न वाजवला, बरोबरीला आला आणि वैतागून विचारलं, "काय हाय तिथं, मॅडम?"

"खड्डा आहे," मी म्हटलं. "डावीकडून घ्या."

त्यानं समोरच्या कोऱ्या रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि रिक्षा डावीकडून घेतली.